सलूनवाल्याची मान

आमच्या ह्यांचा उभा जन्म सलूनमध्ये गेला. मध्यंतरी खुर्चीच्या पायात अडखळून भिंतीला टेकले काय, मुलानं टुमणंच लावलं, "बाबा, तोल जातोय तुमचा. हातात वस्तरा असतो. दुकान बंद करा."

"मी ठणठणीत आहे!" हे गरजले.

ह्यांचं एक गिऱ्हाईक कानाचा डॉक्टर. त्याला तपासणीसाठी निरोगी माणसं हवी होती. कानात मोठा आवाज केला की तोल सांभाळणारा भाग जागा होतो आणि मानेचा स्नायू किंचित दचकतो, म्हणे. नुसत्या 'टक्'नं जास्त दचकतो की छोट्याशा सुरानं, ते त्याला ताडून पाहायचं होतं. झालं! बापलेकांची पैज लागली. त्या दचकण्याची लाट पडद्यावर उमटली तर दुकान चालू, नाहीतर शटर खाली. मी कपाळाला हात लावला.

दवाखान्यात ह्यांना आडवं करून मानेला तारा चिकटवल्या. "डोकं उशीवरून उचला, मान वळवून ताठ धरा, सैल मानेची लाट उमटत नाही," डॉक्टर म्हणाला आणि तार नीट बसवायला त्यानं मानेला हात लावला. तिथंच घोळ झाला. जन्मभर गिऱ्हाइकांना 'मान सैल सोडा' सांगणारा माणूस. हात लागताच ह्यांचीच मान सैल! टक् झालं, सूर झाला, रेघ आपली सपाट. मुलगा घसा खाकरू लागला.

"काका, ताठ!"

"ताठच आहे की!"

मला राहवेना. म्हटलं, "अहो, समोरचा तो नवा सलूनवाला काय सुरेख केस कापतो!"

अगं बाई, मान अशी ताठली! 'टक्'ला बारीक लाट, सुराला चांगली मोठी. डॉक्टर हरखला, "वा काकू! आता दुसरा कान."

मी नवीन काहीतरी शोधतेय, तोवर मुलगाच बोलला, "बाबा, दुकान विकायला गिऱ्हाईक बघितलंय मी. शब्दसुद्धा दिलाय."

"आजवरची सगळ्यात मोठी लाट!" डॉक्टर ओरडलाच. मी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

हे उठले. तारा काढून डॉक्टरच्या हातात दिल्या आणि तडक दाराशी गेले. पाऊल जराही डगमगलं नाही.

"पैज मी जिंकलो," ते मुलाला म्हणाले, "आता ज्याला शब्द दिलास त्याला जाऊन सांग, मालकाला विचारायचं राहिलं होतं."