झालेल्या फुलाला दोरा

आमची स्वतःची जमीन नव्हती, विहीर नव्हती. अंगणात टिपणारी कोंबडीसुद्धा शेजारच्यांची होती. देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात पत्र्याची एक खोली, पाचटाचा आडोसा केलेली न्हाणी आणि आम्ही तिघं. अण्णा दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायचे, आई मिळेल त्या रोजानं जायची. ती माझी आई, शेवंता, गेल्या महिन्यात गेली. ऐंशी ओलांडली होती. शेजारच्या सुमनचा फोन आला तेव्हा मी संगमनेरला माझ्या घरी भाजी निवडत होते. "ताई, मावशीनं सकाळी अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलं, अन् तिथंच बाजेवर टेकली… मंग उठलीच न्हाई."

घरी पोचल्यावर आधी आईकडं बघितलं, मग कोनाड्यातल्या औषधाच्या बाटलीकडं. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता. काम पुरं करून गेली होती.

या दोऱ्याचं सांगायला हवं. मी लहान असताना आई कपाशीच्या बियाण्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. उद्या उमलणाऱ्या कळ्या आदल्या दुपारी नखानं सोलायच्या, सकाळी त्यांच्यावर नर-फुलाचा पराग चोळायचा आणि झालेल्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायचा. बोंड त्याच फुलाचं धरायचं. ही सवय तिनं घरात आणली. आमटीत मीठ पडलं की झाकणाच्या कडीला दोरा. म्हणजे दुसऱ्यानं पुन्हा घालू नये. अण्णा म्हणायचे, "माझं जेवण झालं, मलाबी बांध." आई म्हणायची, "तुमचं कधी हुतंय? अजून भाकरीकडं बघताय."

सुट्टीत मीही तिच्याबरोबर प्लॉटवर जायचे. एकदा कंटाळून मी अर्ध्या ओळीला पराग न लावताच दोरे बांधले आणि आईच्या आधी ओळ संपवली म्हणून मिरवले. चार-पाच दिवसांनी झाडांखाली दोऱ्यासकट फुलं गळून पडलेली. आईनं ती ओंजळीत गोळा केली आणि मला हाताला धरून मालकाकडं नेलं. "माझ्या पोरीनं खोटे दोरे बांधले." मालक हसला. "जाऊ द्या शेवंताबाई, कुणाला कळतंय?" आई म्हणाली, "मला कळलंय ना." घरी येताना वाटेत एकच बोलली, "ओळ ऱ्हायली तरी चालंल. खोटा दोरा बांधायचा न्हाई."

आईला वाचता येत नव्हतं. पण माझी दहावीची, बारावीची, एफ.वाय.ची मार्कशीट तिनं गुंडाळी करून लाल दोऱ्यानं बांधून पेटीत ठेवली होती. एस.वाय.चा निकाल लागला त्या दिवशी मी श्रीरामपूरहून एसटीनं आले. इंग्रजीत नापास. दारातच अण्णांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पास झाले." अण्णा लगेच गल्लीत सांगायला निघाले. आई दोरा घेऊन पुढं आली. "दे कागद. बांधू?" मी कागद धरूनच राहिले… ती वाट बघत उभी. शेवटी म्हणाले, "नको, आई."

मला वाटलं होतं, आता शाळा-कॉलेज संपलं. माझ्या मैत्रिणींची लग्नं झाली होती. आईनं दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि दारातून हाक मारली, "आवं, माघारी या! पोरीचं एक फूल गळलंय, वाईच गप ऱ्हावा." मग माझ्याकडं वळून, "उद्या नवी कळी येती. नख शाबूत ठेव." भावकीतल्या बायका स्थळं घेऊन आल्या, त्यांना चहा पाजून तिनं वाटेला लावलं. इंग्रजीचा विषय ऑक्टोबरात सुटेपर्यंत दोरा पदराच्या टोकालाच होता. लुगडं बदललं की तोच दोरा नव्या पदराला.

अण्णांची नजर काचबिंदूनं गेली तशी आई त्यांचे डोळे झाली. ठणका लागू नये म्हणून थेंब मात्र दोन वेळा चालूच. सकाळचं औषध घातलं की दोरा बांधायचा, संध्याकाळचं घातलं की सोडायचा. अण्णा बोटांनी चाचपून बघायचे. इतकी वर्षं, एक वेळ चुकली नाही.

ती गेली त्या संध्याकाळी मी अण्णांच्या डोळ्यांत थेंब घातले. पण तिनं बांधलेली गाठ सोडवेना. अण्णांनी हात पुढं केला, बाटली चाचपली. "सोड गं. संध्याकाळचं झालंय. तिनं कवाच सोडला असता."

मी सोडला.

आता अण्णा माझ्याकडं असतात, आणि सकाळी दोरा मी बांधते. पदवीच्या कागदाला आईनं बांधलेला दोरा विटून गुलाबी पडलाय. तो मी सोडत नाही. मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.