गूळ न घालता आलेला बुडबुडा

बोट ओठांवर ठेवायचं, काचेच्या चंबूकडे मान वाकवायची आणि कुजबुजायचं, "चूप. मेले नाई ते. तयारी करून राह्यले."

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात प्रात्यक्षिकं घेणारे सर असे उभे राहिले, की तुम्हालाही वाटलं असतं, आत कुणी आजारी निजलं आहे. आत असायचं पाववाल्याकडून आणलेलं यीस्ट.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वर्गात इंग्रजीच्या धाकाने तोंड उघडत नसे. सर मात्र आमच्या बोलीत सांगत. "नेहमीची साखर काढून घेतली अन् त्याले गॅलॅक्टोज नावाची दुसरी साखर देल्ली, तर घडीभर त्याले काही सुचत नाई. पण ती पचवाचा गुण त्याच्या जीनमंदी आहेच. अडचण आली का तो जागा होते."

मी चाचरत विचारलं, "तेच जागे होतात, का जुने मरतात अन् दुसरेच वाढतात?"

सरांनी आनंदाने माझ्या पाठीत धपका घातला. "हाच तर झगडा आहे. साखर पचली का बुडबुडे येते. पेशींची संख्या न वाढता ते आले, तर समज, तेच शिकले."

सरांची प्रयोगाची खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. प्राचार्यांनी बजावलं होतं, स्नेहसंमेलनात काही करून दाखवा, नाहीतर खोली पुन्हा हॉकीच्या काठ्यांना.

संमेलनाच्या सकाळी दोन चंबू मांडले. नेहमीच्या साखरेचा बुडबुडत होता, गॅलॅक्टोजचा गप्प. "सर, हे उपोषणाले बसलं का?" पोरं विचारत होती. सर प्राचार्यांना घेऊन आले, तेव्हा गप्प चंबूही जोरात बुडबुडत होता. टाळ्या पडल्या. प्राचार्य म्हणाले, "वा, चाललं की."

सर मात्र वाकून तळाकडे पाहत होते. तिथे तांबूस रेघ होती. "गूळ कोनं टाकला?"

वसतिगृहातला माझा सोबती पुढे आला. "मी, सर. ते बिचारे सकाळपासून उपाशी होते. पाहवलं नाई."

सर गप्प राहिले असते तर खोली वाचली असती. ते प्राचार्यांकडे वळले. "साहेब, हा बुडबुडा गुळाचा आहे. माझा नाही."

"मग काठ्या पाठवतो," म्हणून प्राचार्य गेले.

सरांनी लगेच नवा चंबू मांडला. सोबत्याला व्हरांड्यात बसवलं, "उरलेला गूळ तूच खा" म्हणून. मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या. दुपार कलली आणि चंबूला जोडलेल्या नळीच्या टोकाशी एक बुडबुडा फुगला, सुटला. मग दुसरा. मी पुन्हा मोजलं.

"वाढले नाई, सर. तेच आहेत."

"तेच आहेत," सर म्हणाले. चष्मा कपाळावर सारून पुन्हा म्हणाले, "तेच आहेत, अन् शिकले."

तेवढ्यात शिपाई काठ्यांचा भारा घेऊन आला, मागे प्राचार्य. "यातही गूळ असेल."

"या पोराला विचारा," सर म्हणाले.

आणि मी बोललो. अर्धं इंग्रजी, अर्धं आमचं, पण सगळं सांगितलं. प्राचार्य शिपायाने खाली ठेवलेल्या भाऱ्यावरच टेकले आणि नळीतून सुटणारे बुडबुडे मोजू लागले. मग शिपायाला म्हणाले, "काठ्या व्हरांड्यात ठेव."

उन्हाळ्यात सर संशोधनासाठी नागपूरला गेले. खोलीची किल्ली आम्हा दोघांकडे आहे. परवा पहिल्या वर्षाचा एक पोरगा गप्प चंबू पाहून म्हणाला, "हे तर मेलेलं दिसते."

मी बोट ओठांवर ठेवलं. शेजारी माझ्या सोबत्याने खिशातला हात हळूच बाहेर काढला. रिकामा.