चढायचं आणि उतरायचं

“बसा न भाऊ. गाडी काय रिकामी चालते?”

चाकं सरळ आहेत की नाहीत हे तपासायला मोटार आली, की मिस्त्री आधी मालकाला आत बसवायचा. एकट्या मालकावर भागायचं नाही. रोज जे जे बसतात ते सगळे, आपापल्या जागी. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून तो जमिनीवर पालथा पडायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचा.

मेहकरच्या बसस्टँडमागे माझं पंक्चरचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून होतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. एका वकिलाला त्यानं बायको, सासू आणि तीन मुलींसह भर उन्हात तासभर बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. “सायेब, सासूबाईले जरा उजवीकडं सरकवा,” तो खालून म्हणाला. कोर्ट गाजवणाऱ्या वकिलानं मुकाट्यानं सासूबाईंना सरकवलं.

माझा हवेचा पंप तो न विचारता न्यायचा आणि परत देताना वर ऐकवायचा, “तुह्या पंपाले दमा हाय बे.” मला खोटं पाडण्यात तर त्याला फार गोडी. तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच.

एकदा डोणगावचा एक व्यापारी मुंबईहून आखूड स्प्रिंगा घेऊन आला. त्याला आपली उंच मोटार खाली बसवून हवी होती.

“काऊन? रस्ते पाह्यले का तुमी? खालून दगड लागन न!” मिस्त्री भडकला.

व्यापारी हळूच म्हणाला, “बायकोचे गुडघे गेले. चौघं उचलून बसवतात, म्हून तिनं बाहेर जाणंच सोडलं. पोराचं लगन हाय देऊळघाटले. म्हणते, उचलून नेसान तर मी येतच नाही.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बसनं डोणगावला गेला. बाईंपुढे विटा रचून पाय किती वर येतो ते पाहून आला. मोटार चार बोटं खाली घ्यायची ठरली.

स्प्रिंगा बदलल्या तशी पुढची चाकं फाकली. ती ताळ्यावर येईतो लग्नाचा दिवस उजाडला. पहाटे आम्ही दोघं मोटार घेऊन डोणगावला पोचलो. बाई दारात आल्या तशी मिस्त्री ओरडला, “तिकडं पाहा बे सगळे!” नवरदेवासकट आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. पाठीमागे दार लागल्याचा आवाज झाला.

मिस्त्रीनं शेवटची सुतळी लावली. बाई आतून म्हणाल्या, “सावकाश करा. किती वर्षांनं आपल्या पायानं बसली मी.”

वाटेत पंक्चर झालं तर असावा म्हणून मला बरोबर घेतलं. मिस्त्री बसनं परत गेला.

देऊळघाटला मांडवासमोर बाईंनी दोन्ही पाय खाली टेकवले. पण बैठक आता इतकी खाली गेली होती, की उठता येईना. तीनदा प्रयत्न केला. माणसं धावली, तशी त्यांनी हातानंच थांबवलं. “मले इथूनच बरं दिसते,” म्हणाल्या. पोराच्या डोक्यावर त्यांच्या अक्षता पोचल्या नाहीत. मला तिकडे बघवेना.

“उतरल्या?” दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दुकान उघडायच्या आत मिस्त्रीनं विचारलं.

“हाव.”

“आपल्या पायानं?”

“आपल्या पायानं.”

तो माझा पंप उचलून गॅरेजकडे वळला. खोटं पचलं म्हणून मला बरं वाटलं.

सहा वर्षांनी मिस्त्री वारला. गॅरेजच्या जागी आता खताचं दुकान आहे. तो गेला तेव्हा त्याच्या घरी भेटायला डोणगावच्या बाई आल्या होत्या. काठी टेकत मोटारीतून स्वतःच उतरल्या. मी बघतच राहिलो.

“लगनाच्या दुसऱ्या दिवशीच आले होते मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, बाई, चढाचं पाह्यलं, उतराचं पाह्यलंच नाही. गादीखाली फळी टाकून बैठक उंच करून देली.”

“त्याईले कोणं सांगितलं?”

“कोणंच नाही. तुमचं तोंड पाहून समजलं म्हणाले.”

सहा वर्षं आम्ही रोज सकाळी एकत्र चहा घेत होतो. त्यानं एकदाही तो विषय काढला नाही.