विमलताई कोणाचं नाव घेणार?

नेर तालुक्यातल्या आमच्या गावात नवऱ्यांची जी काही अब्रू शिल्लक आहे, ती विमलताईंच्या उखाण्यांमुळे. लग्न असो की बारसं, नाव घ्यायची वेळ आली की बायका आधी त्यांच्या ओसरीवर येत. गेल्या प्रजासत्ताक दिनाला पुष्पानं त्यांचाच उखाणा घेतला होता: ‘तिरंग्याला तीन रंग, मधे निळं चाक, नंदकिशोररावांचा अख्ख्या गावाला धाक.’ या नंदकिशोररावांना घरची शेळीदेखील जुमानत नाही. उखाण्याला पहिलं बक्षीस मिळालं.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वामनराव गेले. तेव्हापासून विमलताईंना उखाणा रचायला मनाई नव्हती, घ्यायला होती. कारखाना चालू, दुकान बंद.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झेंडावंदनाच्या दिवशी, दुपारी शाळेच्या पटांगणात होतं. त्यात देशभक्तीपर उखाण्यांची स्पर्धा. महिला मंडळाच्या अध्यक्ष सुनीतीबाई मूळच्या यवतमाळच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. नियम त्यांना मनापासून आवडतात. यंदा त्या आठवडाभर आधी विमलताईंकडे आल्या.

“ताई, चार-पाच उखाणे करून द्या. देशावर हवेत. आणि तिळगुळाच्या पुड्या बांधायला तुम्ही असालच.”

“पुड्या निकिता बांधीन. मी माइकवर येईन.”

सुनीतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “पण नाव कोणाचं घेणार? वामनराव तर…”

“गेले. मले माहीत हाय, मीच होती तिथं.”

“तसं नाही हो. नियमात पतीचं नाव अनिवार्य आहे.”

“उखाणा देशावर ना बाई? मंग देशाले नवरा कायले पायजे?”

बँकेच्या कुठल्याच फॉर्मात हा रकाना नव्हता. सुनीतीबाई गेल्या. सून निकिता आतून सगळं ऐकत होती. “आई, काहून वाकडं घेता? लोक नावं ठेवतीन.”

“ठेवू दे. माह्याच उखाण्यात ठेवतीन. दुसरं येते का त्याईले?”

विमलताई कोणाचं नाव घेणार, यावर आठवडाभर पारावर चर्चा झाली. कोणी म्हणालं, पांडुरंगाचं. कोणी म्हणालं, उमेदवाराचं; निवडणूक जवळ आहे.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. मग पाहुणे पेढा खातात आणि जुनं नाव विसरतात. तांदूळ पुन्हा डब्यात जातात. विमलताईंच्या सासूला सगळे लक्ष्मीबाई म्हणत. तिच्या शेवटच्या दुखण्यात विमलताईंनी विचारलं होतं, “आत्याबाई, तुमचं माहेरचं नाव काय वं?” म्हातारीला आठवायला बराच वेळ लागला. आठवलं तेव्हा ती लाजली. “यमी म्हणत मले.” विमलताईंची आई ठकू होती; सासरी तिची सुभद्रा झाली. दोघींनी जन्मभर कापसाच्या वावरात कंबर मोडली आणि दोघींच्या खऱ्या नावाला वावरानंही ओळख दिली नाही.

सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली सतरंजीवर बायका बसल्या होत्या, मागे खुर्च्यांवर पुरुष. विमलताई बोलावण्याची वाट न पाहता उठल्या. सुनीतीबाईंनी माइक किंचित आपल्याकडे ओढला. विमलताईंनी तो किंचित जास्त ओढला.

“सरकी पेरली ठकूनं, निंदत गेली यमी,
सातबाऱ्यावर नाव नाही, तरी देशाची मी.
ताटातल्या तांदळात पुसलं जिचं नाव,
त्या गिरजाचं नाव घेते, ऐकू दे सारं गाव.”

मागून कोणीतरी विचारलं, “हे गिरजा कोण वं?”

“मी,” विमलताई म्हणाल्या. “एकोणीस वर्षांची होयेपर्यंत मीच होती. मंग तुमच्या गावात आली.”

सुनीतीबाईंनी घसा साफ केला. “नियमानुसार हा उखाणा बाद धरण्यात येत आहे.”

“धरा ना. घेऊन झाला.”

त्या जागेवर जाऊन बसल्या. पुढचा नंबर पुष्पाचा. ती माइकसमोर उभी राहिली. नंदकिशोरराव टाळ्यांसाठी आधीच उठले होते. पुष्पानं पदर सारखा केला, नवऱ्याकडे पाहिलं, मग विमलताईंकडे.

“माहं नाव बेबी होतं,” ती म्हणाली. “यमक काही जमत नाही.”

नंदकिशोरराव बसले. यमक न जमलेल्या बायका मग एकामागून एक येत राहिल्या. तासाभरात गावात निम्म्या बायका नव्यानं राहायला आल्यासारखं झालं. सुनीतीबाई प्रत्येक नाव बाद करत होत्या, पण माइक काही त्यांनी बंद केला नाही. स्वतःचं नावही सांगितलं नाही. तेवढा नियम त्यांनी पाळला.

शेवटी कुंकवाची कोयरी फिरली. फिरवणारी बाई सवयीनं विमलताईंना ओलांडून पुढे गेली. निकितानं तिच्या हातातून कोयरी घेतली आणि सासूसमोर येऊन बसली.

“गिरजाबाई, कपाळ पुढं करा.”

विमलताईंनी सगळ्या खुर्च्यांवर एकदा सावकाश नजर फिरवली. मग कपाळ पुढं केलं.

सगळेच बाद झाल्यामुळे पहिल्या बक्षिसाचा स्टीलचा डबा तसाच राहिला. तो आता ग्रामपंचायतीत असतो. त्यात झेंड्याची दोरी ठेवतात.