दादा चांगले प्लग फोडतो

माझा मोठा भाऊ गाड्या दुरुस्त करतो आणि चांगले प्लग हातोडीनं फोडतो. त्याला कारण मी आहे. अकरा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा.

पूर्वी दादाला सगळे घाश्या म्हणायचे. इंजिनातला प्लग काळा पडला की बाकीचे मेकॅनिक सरळ नवा बसवायचे. हा मात्र तो उजेडात धरून, चष्मा कपाळावर चढवून, नाडी बघणाऱ्या डॉक्टरासारखा बघत बसायचा. "कोरडी काजळी असली तर प्लग वाचतो. तेलानं ओला असला, तर दुखणं इंजिनात आहे, प्लगला कशाला शिव्या देता?" मग पेट्रोलमध्ये बुडवून मऊ ब्रशनं घासणं, हवा मारणं, टोकांमधली फट पत्तीनं मोजणं. गिऱ्हाइकानं हट्टानं नवे घातले, तर त्याचे जुने घासून दादा स्वतःच्या गाडीला लावायचा. वहिनी म्हणायची, "माझे दात पडले तर हे तेही घासून परत बसवतील." दादा त्यावर गालात हसायचा.

आई दवाखान्यात होती. त्या रात्री दादा तिच्याजवळ, आणि त्याची गाडी माझ्या दाराशी. आदल्याच दिवशी त्यानं गाडीला असले घासलेले प्लग लावले होते. सकाळी त्याचा फोन आला. "आई तुला बोलावतेय. आहेस तशी नीघ."

मी निघाले नाही. माझं आईशी बिनसलं होतं. आठवडाभर मी उशापायथ्याशी बसले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत होती, "माझा मुलगा फार करतो हो." माझ्या नाकावर राग कायमचाच. म्हटलं, बघू दे जरा वाट. चहा केला. तो सावकाश प्याले. साडी इस्त्री केली, जी न करता चालली असती. चाळीस मिनिटं गेली. मग निघाले.

चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाली. मी पोचले तेव्हा आईला जाऊन अर्धा तास झाला होता. हा हिशेब मला झोपेतही पाठ आहे. गाडी अडली नसती तरी मी उशिराच पोचले असते.

दादा दारात उभा होता. त्यानं विचारलं, "गाडी?"

मी म्हटलं, "चढावर बंद पडली."

खोटं एक अक्षर नव्हतं. उरलेलं मी गिळलं.

आईचे दिवस झाल्यावर त्यानं ते प्लग काढले. एकाच्या पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी चीर होती. ती बघून तो गॅरेजच्या फरशीवरच बसला. त्या दिवसापासून त्यानं एकही प्लग घासला नाही. काढलेला प्लग कुणी उचलून वापरू नये म्हणून ऐरणीवर ठेवायचा आणि एक घाव. लोकांनी टोपणनाव बदललं, हातोडीदादा केलं. मी त्यांच्याबरोबर हसले, याची मला आजही लाज वाटते.

परवा गॅरेजमध्ये गेले तर एक टॅक्सीवाला काकुळतीला आला होता. "अहो, नुसती काजळी आहे. घासून द्या ना, उगाच कशाला फोडता?" दादानं हातोडी उचलली.

"दादा, थांब," मी म्हटलं. "त्या दिवशी गाडीमुळे उशीर झाला नाही. तुझा फोन आल्यावर मी घरीच बसले होते."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"का गं?"

"आईवर रुसले होते."

त्यानं हातोडी खाली ठेवली. टॅक्सीवाल्याचा एकेक प्लग हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला. पेट्रोल, ब्रश, हवा, पत्ती. अकरा वर्षांनीही हात काही विसरला नव्हता. चारही प्लग आधी बोटांनी फिरवून मग पान्यानं आवळले. टॅक्सी एका दमात सुरू झाली आणि गेली.

मी शिव्यांची वाट बघत उभी होते. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हात धूत राहिला, साबण संपेस्तोवर.

"आईनं तीनदा विचारलं," तो म्हणाला. "आली का चिमणी, म्हणून. मी तिन्ही वेळा सांगितलं, निघालीय, रस्त्यात आहे."

त्यानं फडक्याला हात पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"जाणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो, चिमणे. ते मला आज कळलं."