कासमभाईंनी काढलेलं छप्पर

आमच्या कोपरखैरण्यात कोणी गेलं, की तिरडीचे बांबू यायच्या आधी कासमभाई मुरूडकर हजर असायचे. काखेत छत्री, खिशात पेन्सिल, हातात कोऱ्या कागदांचं पॅड. गर्दीपासून जरा लांब उभे राहायचे आणि चित्रं काढायला लागायचे. मयताची नव्हे, मयताकडे ते बघतही नसत. आलेल्या माणसांची. कोण कुठे उभं आहे, कोण कशाला टेकलंय, कोणाचे पाय चिखलात आहेत. एकदा एका मयताच्या मेहुण्याने रागाने विचारलं, "तुम्ही पेपरवाले का हो?"

"नाही, नाही. मी इथलं छप्पर काढतोय."

मेहुण्याने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

कासमभाई कोकणी मुसलमान, मुरूडकडचे. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पंपाच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी माझ्या शेजारच्या रो-हाउसच्या पायरीवर बसून पेन्सिलीला टोक करायचे. मी पोटासाठी कारकून आणि जिवासाठी हौशी नट. आमच्या नाटकांचे पडदे तेच काढून द्यायचे. पण नाटक बघायला कधी आले नाहीत. "तुमचं घर मी रंगवलंय, आत तुम्ही काय तमाशा करता तो मला कशाला पाहिजे?" म्हणायचे.

स्मशानाचं वेड त्यांना लागलं ते हिराबायमुळे. बोनकोडे गावच्या गोमाजीबाबांची ही बायको मासळी विकायची आणि कासमभाईंच्या बायकोशी, म्हणजे आमच्या भाभींशी, रोज घासाघीस करायची. ती श्रावणात गेली. खाडीकडच्या स्मशानात तेव्हा एक ओटा आणि चार दगड, बाकी सगळं उघडं. आभाळ फाटलं होतं. तिचा मुलगा पांडू पुन्हा पुन्हा अग्नी देत होता, डिझेल ओतत होता, चिता धुमसून धुमसून विझत होती. कासमभाई छत्री घेऊन चितेकडे धावले, तेव्हा कोणीतरी त्यांना मागे ओढलं. गोमाजीबाबा चिखलात बसून सगळं बघत होते.

"जल्मभर पान्यात भिजली," ते म्हणाले, "मेल्यावं बी सुकी नाय झाली."

त्यानंतर बाबांनी अंथरूण धरलं. दमा जुनाच होता, त्यात ही धास्ती बसली. येईल त्याला सांगायचे, "मना पावसात नका जालू. पन सुका दिस बगून मरनं काय माज्या हातात हाय?" कासमभाईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, "बाबा, पुढच्या पावसाआधी छप्पर. जबान दिली." आता स्मशानाच्या छपराबद्दल मरणाऱ्या माणसाला जबान देणारा इसम मी तरी दुसरा पाहिला नाही.

गावदेवीच्या मंडपात बैठक झाली. पांडू पावण्यालाच वेल्डर होता. भंगारातले लोखंडी अँगल आणि पत्रे मिळवायचं त्याने कबूल केलं. तेवढ्यात कॉलनीतले एक सद्गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "नकाशा काढायला आपल्यात कोणी नाही का? स्मशानाचं काम आहे. जरा विचार व्हावा."

अर्थ सगळ्यांना कळला. सगळे आपापल्या चपला बघायला लागले. गोमाजीबाबांना खुर्चीत बसवून आणलं होतं. ते धापा टाकत म्हणाले, "माज्या जलनाचा इचार मी केलाय. तुमी तुमचा करा, शेट."

मंडप हसला. सद्गृहस्थ बसले. कासमभाई मात्र हसले नाहीत. घरी येताना मला म्हणाले, "त्यांचं चुकलं नाही. पण बघा, मला तिथे यायचंच नाहीये, म्हणून तर मी नीट काढणार. स्वतःचं घर काढायला बसलेला माणूस हावरट होतो."

खांदेकऱ्यांना वळायला किती जागा लागते ते त्यांना बघायचं होतं. "तुम्ही नट ना?" मला म्हणाले. "मग मरा."

मेलो! माझ्या रंगभूमीवरच्या कारकिर्दीतली ती एकमेव भूमिका, जिच्यात मी संवाद विसरलो नाही. भर दुपारी मी तिरडीवर आडवा, चार गावकरी खांद्याला, कासमभाई टेप घेऊन मागेपुढे. "डावीकडे... थांबा... मयत, पोट आत घ्या!" रस्त्याने एक बाई भाजी घेऊन चालली होती. तिने पिशवी खाली ठेवून भक्तिभावाने हात जोडले. मी सभ्य माणूस. उठून बसलो आणि नमस्कार केला. त्यानंतर ती बाई आमच्या गल्लीत कधी दिसली नाही. गावकऱ्यांनी तिरडी खाली टाकली आणि पोट धरून हसत बसले. कासमभाई तेवढ्यात टेकलेल्या माणसांचं चित्र काढत होते.

ती चित्रं घेऊन ते मला समजावत. "हे बघा. अग्नी देऊन मुलगा मागे सरतो, पण पाठ फिरवत नाही. मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. हिराबायच्या वेळी पांडू असाच चिखलात पडला होता. तिथे भिंत पाहिजे, कंबरेएवढी." दुसऱ्या कागदावर म्हातारे होते. "हे गुडघे धरून उभे राहतात. बसायला लाजतात. कट्टा असा द्यायचा, की बसले तरी उभ्यासारखे दिसतील." पावसासाठी सुरू झालेल्या छपराखाली हळूहळू आम्ही सगळे मावायला लागलो.

उन्हाळाभर काम चाललं. रोज कामावर जाताना कासमभाई बाबांच्या दारात सायकल थांबवून ओरडायचे, "बाबा, या आठवड्यात मरू नका हां, खांब उभे करायचेत!"

आतून खोकला यायचा, मग आवाज. "बरं. थांबतंव. पन लवकर कर, मना कंटाला आलाय."

मृग लागायच्या आत पत्रे चढले. बाबा मात्र तरतरीत झाले! छप्पर झालंय म्हटल्यावर माणसाची मरायची घाई गेली. पहिला मान मिळाला बैठकीतल्या त्या सद्गृहस्थांनाच. त्यांच्या जाण्याने कोणाचे डोळे ओले होतील असं त्यांच्या घरच्यांनाही वाटत नव्हतं. पण पत्र्याखाली धूर कोंडला आणि सगळा समाज ढसाढसा रडला. त्यांच्या बायकोने नंतर कौतुकाने सांगितलं, "किती माणसं जोडली होती ह्यांनी!" मी हसून लोटपोट. कासमभाई शरमेने काळे पडले. दुसऱ्याच दिवशी पांडूला वर चढवून त्यांनी पत्र्यांच्या मधोमध धुरासाठी फट ठेवून घेतली, आणि तिच्यावर दुसरं लहान छप्पर.

त्याच पावसात कारखान्यात कॉम्प्युटर आला. एका पोराने बसल्या जागी आठवड्याचे नकाशे काढून दाखवले आणि साहेबांनी कासमभाईंना चहा पाजून घरी पाठवलं. मी त्यांना हसवायला गेलो. "बरं झालं, आता आमच्या पडद्यांना वेळ मिळेल."

"ड्रॉइंग बोर्डसुद्धा काढून टाकला हो त्यांनी," ते म्हणाले. "त्या जागी कपाट ठेवलं."

त्यानंतर त्यांनी पेन्सिलीला टोक केलेलं मी पाहिलं नाही. सकाळी उठून ते खाडीकडे चालत जायचे आणि आपल्या कट्ट्यावर बसून राहायचे. भाभी माझ्यापाशी रडायच्या. "मयत नसताना पण तिथेच बसतात. लोक काय म्हणतील? घरात बसा म्हटलं, तर म्हणतात घरात माझं काय काम?" मी त्यांना आणायला जायचो. माझ्या तोंडाची टकळी जगप्रसिद्ध, पण परतीच्या त्या रस्त्यावर मी नुसती त्यांची छत्री धरून चालायचो.

पुढच्या भाद्रपदात दाढी करता करता ते कोसळले. मुलगा कुवेतला. दफन त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. पाऊस असा, की कबर खणावी तशी पाण्याने भरत होती. दोघं जण आत उतरून बादलीने पाणी उपसत होते आणि कडेची माती त्यांच्या पायांवर ढासळत होती. जनाजा ठेवून सगळे भिजत उभे होते. भाभींचा भाऊ सारखा म्हणत होता, "अशा पाण्यात कसं ठेवायचं यांना? कसं ठेवायचं?"

तेवढ्यात कब्रस्तानाच्या फाटकातून बोनकोड्याची माणसं आली. पुढे पांडू, त्याच्या पाठीवर गोमाजीबाबा, मागच्यांच्या डोक्यावर लग्नाच्या मांडवाची ताडपत्री. कोणाला काही न विचारता त्यांनी ती कबरीवर ताणली आणि चारी कोपरे हातांनी धरले. आम्हीही धरले. बाबांना पांडूने खाली ठेवलं तसे ते ताडपत्रीच्या बाहेरच उभे राहिले.

"काका, आत या, भिजताय," भाभींचा भाऊ म्हणाला.

"भिजू दे. मी अजून जिता हाय."

ताडपत्रीत पाणी साठलं, मधे पोट आलं. आता फाटणार असं वाटायला लागलं. पांडूने खालून बांबू लावला. पाणी एकदा इकडे, एकदा तिकडे धावायला लागलं. गावकरी ओरडायला लागले, "उतार दे! उतार दे रं!" गोंधळात पांडू सवयीने मान वळवून म्हणाला, "उतार कंच्या बाजूला देऊ, कासमभाई?"

आणि तसाच बांबू धरून थांबला.

मग बाबा म्हणाले, "कंच्या बी बाजूला दे. पन धरून ठेव."