आत्याचा मान

कुणी टक लावून पाहिलं, की अक्का आपला उजवा हात थेट त्याच्या नाकासमोर धरायची. "बघून घे बाप्पा पोटभर. तिकीट न्हाई."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हिंगोलीजवळच्या गोरेगावात आमचं घर. लहानपणापासून तिच्या बोटांच्या आणि दंडाच्या हाडांवर कूर्चेच्या टणक गाठी होत्या आणि कातडीखाली जांभळासारखे निळे, मऊ, रक्ताचे फुगवटे. त्याच हातानं ती साऱ्या घराच्या भाकरी थापायची. तरी गावानं तिला महारोगी ठरवून टाकलं. अकलेचे कांदे नुसते!

आमच्या काकूनं तर कहर केला. सुजेवर बिबा लावायची आपल्याकडची रीत. तिनं बिबा तापवून रक्ताच्या गाठीवर टेकवला. गाठ फुटली. हिंगोलीपर्यंत जीपमध्ये तो हात मी रुमालात दाबून धरला होता. आठवलं की अजून डोकं फिरतं. पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "याला माफुची म्हणतात. फार विरळ आजार. कुणाला लागत नाही, वारशानं उतरत नाही. पण एखादी गाठ दुखली, वाढली, तर लगेच या." हे मी काकूला कितीदा ऐकवलं! "डाक्टरला काय कळतंय?" म्हणे.

मग माझ्या मुलीचं बारसं आलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. अक्का नवं पातळ नेसून पाळण्याशी आली, तर काकू आडवी.

"हिच्या गाठी लेकराच्या अंगावर उठतील. दुसरी बाई बलवा."

अक्का कडाडली, "काहून? नाव बोटानं ठेवत्यात का तोंडानं? गाठी हाताला हायत, जिभंला न्हाईत!"

मी काकूला बाजूला सारलं आणि लेकरू अक्काच्या मांडीवर दिलं. तिनं पोरीच्या कानात कुर्रर्र केलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "मैना!"

गेल्या वर्षी अक्काच्या दंडातली गाठ ठणकायला लागली, वाढली. लगेच नेलं. कॅन्सर निघाला. अक्का गेली. काकू गळा काढून रडली, मला ते रडणं बघवलं नाही.

आता रोज संध्याकाळी काकू दारातून हाका मारते, "मैना, जेवाया ये गं!"

"नाव कुणी ठेवलं, काकू?" मी ओसरीवरून मुद्दाम विचारतो. ती तोंड फिरवते.

परवा मैनाच पुढं आली. आपला इवलासा उजवा हात तिनं काकूच्या नाकासमोर धरला.

"आत्यानं ठेवलं. बघून घे पोटभर. एक बी गाठ न्हाई."